आतून उत्तर येईपर्यंत

कलावतीदीदी खोली तपासायला आली की आधी बूट काढायची. देवळाबाहेर ठेवतो तसे दाराबाहेर जोडीने ठेवायची आणि मोज्यांनीच आत यायची. मग खुर्चीवर बसायची. बोलायची काही नाही, नुसती बघायची. खुर्चीवरून उठून पलंगाच्या कडेला, तिथून न्हाणीघरात कमोडच्या झाकणावर. तिचं बघून होईपर्यंत आम्ही दारात उभ्या.

मी कामाला लागले त्याच आठवड्यात तिने मलाही तसंच बसवलं. खोली मी चकचकीत केली होती, निदान मला तसं वाटत होतं. "बैठ के देख," ती म्हणाली. बसले तर टेबलाच्या खालच्या अंगाला कोणीतरी चिकटवलेलं च्युइंगम दिसलं, दिव्याच्या टोपीच्या आतली धूळ दिसली आणि दारामागे एक लांब सोनेरी केस. उभं असताना यातलं काहीच दिसलं नव्हतं. दीदी म्हणाली, आपण उभ्याने साफ करतो आणि पाहुणा बसून बघतो. तेव्हापासून मी माझं स्वतःचं घरसुद्धा बसून बघते.

हॉटेल नेदरलँड्समधल्या लायडनचं, स्टेशनपासून दहा मिनिटं चालत. वसंतात ट्यूलिपची शेतं बघायला येणारे पाहुणे, बाकी वर्षभर विद्यापीठात आणि सायन्स पार्कात कामासाठी येणारे. आमचे हे याच गावात एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये आचारी आहेत. आमची मुलगी केतकी शाळेत रुळली तसं मी काम शोधायला लागले. चौथी शिकलेल्या बाईकडे जिथे कोणी प्रमाणपत्र मागत नाही असं काम हेच मिळालं. दीदी तिथली हाउसकीपिंगची मुख्य. सगळे मजले तिच्या हाताखाली.

ती सुरिनामची. तो देश दक्षिण अमेरिकेत आहे आणि तिथे पूर्वी डचांचं राज्य होतं, हे मला तिच्याकडूनच कळलं. एकोणिसाव्या वर्षी ती इकडे आली ती इथलीच झाली. घरात अजून हिंदीसारखी भाषा बोलायची, पण ती हिंदी आपल्या सिनेमातली नव्हे. "का भइल, सुनंदा?" म्हणजे काय झालं, असं ती विचारायची तेव्हा वाटायचं, ही भाषा फार वर्षांपूर्वी बोटीत बसली आणि वाटेत कुठे बदललीच नाही. शुक्रवारी ती डब्यात ‘बारा’ नावाचं खाणं आणायची. म्हणजे आपला उडदाचा वडाच, फक्त चपटा आणि तळहाताएवढा, बरोबर इतक्या तिखट मिरच्यांची चटणी की डच मुली एक घास खाऊन नळाकडे पळायच्या. मी डोळे न पुसता खाल्लं त्या दिवशी तिने मला जवळचं मानलं असावं.

तिचे पणजोबा बिहारकडून त्या बोटीने उसाच्या मळ्यावर कामाला गेले होते. कागदावर काय लिहिलंय ते न वाचता त्यांनी अंगठा उठवला. पाच वर्षांनी परत येऊ असं घरी सांगून गेलेला माणूस पुन्हा गावाला दिसला नाही. म्हणून आमच्या घरात न वाचता कोणी सही करत नाही, असं ती सांगायची. सांगायची एवढंच नाही, पाळायची. इथे ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला की त्यानेच केक आणायचा, आणि बाकीच्यांनी एका शुभेच्छापत्रावर सह्या करायच्या, अशी रीत आहे. ते पत्र दीदीकडे आलं की सगळ्यांचे चेहरे पडायचे. ती चष्मा लावून आतला छापील मजकूर वाचायची, मग आधी ज्यांनी ज्यांनी लिहिलंय ते सगळं वाचायची, मग उलटून मागे कारखान्याचं नाव वाचायची, आणि मग सही. तोवर केक तसाच. एकदा आमचा मॅनेजर म्हणाला, कला, यात तुला विकत नाही घेत आहोत आम्ही. ती म्हणाली, ते वाचल्यावर कळेल.

मॅनेजर तरुण होता, तिशीतला. तो वाईट माणूस नव्हता हे मला आधीच लिहून ठेवायचं आहे. केतकीला ताप आला तेव्हा त्याने मला आपणहून घरी पाठवलं होतं.

माझी मोठी अडचण होती आवाजाची. दार वाजवून "खुदेमॉर्खन, हाउसकीपिंग" असं मोठ्याने म्हणायचं असतं. खुदेमॉर्खन म्हणजे सुप्रभात. मला लहानपणापासून परक्या माणसासमोर बोलायची भीती. शाळेत हजेरीलाही माझा आवाज बाईंपर्यंत पोचायचा नाही. पहिले काही दिवस मी दारावर बोट टेकवायचे आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचे. दीदीने ते बघितलं. रागावली नाही. मला खालच्या कपडेखोलीत घेऊन गेली आणि चादरींच्या बंद कपाटासमोर उभं केलं. म्हणाली, वाजव. मी वाजवलं, म्हटलं. तिने कपाटाला कान लावला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "याला ऐकू नाही गेलं. पुन्हा." असं रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. शेवटी एक दिवस तिने आतून उत्तर आल्यासारखं डचमध्ये ओरडून सांगितलं, आत्ता नको. मी हसले आणि त्या दिवसापासून माझा आवाज थोडा फुटला.

दार वाजवायची तिची पद्धत ठरलेली. किल्लीच्या कार्डाने नाही, बोटांच्या सांध्यांनी तीन टकटक. सुप्रभात. मनात दहा आकडे. पुन्हा तीन. तेव्हाही उत्तर नाही आलं तरच दार उघडायचं, तेही हळू, बोलत बोलत. आणि पाळी संपताना ती किती खोल्या झाल्या हे कधी आधी विचारत नसे. ती विचारायची, २०३ काय म्हणाले? २०४ काय म्हणाले? आम्ही सांगायचं. टॉवेल मागितले. नको म्हणाले. बाई रडत होती, तरी हसून बोलली. एक जण खेकसला. खेकसला म्हटलं की दीदी समाधानाने मान हलवायची.

मग हिरवी कार्डं आली. पाहुण्याने ते कार्ड दाराला लावलं की खोली त्या दिवशी साफ करायची नाही. पाणी वाचतं, साबण वाचतो, वीज वाचते, आणि पाहुण्याला खाली एक कॉफी फुकट. दीदीला त्यात वावगं काही वाटलं नाही. रोज धुतलेली चादर लागते कोणाला, मीही घरी रोज बदलत नाही, असं ती म्हणायची. फक्त तिने आम्हाला एक सांगितलं. हिरवं कार्ड असलं तरी दार वाजवायचं. आत जायचं नाही, काही करायचं नाही. सगळं ठीक ना, एवढं विचारायचं आणि पुढे व्हायचं.

इथे मला माझी चूक लिहायची आहे. ज्या दाराला हिरवं कार्ड असायचं ते दार मला आवडायचं. तिथे बोलावं लागायचं नाही. ट्रॉली न थांबवता मी पुढे जायचे आणि दुपारी दीदीने विचारलं की सांगायचे, नको म्हणाले.

त्या एप्रिलमध्ये २१७ मध्ये जर्मनीहून आलेले एक आजोबा होते. दरवर्षी फुलं बघायला यायचे. पूर्वी बायकोबरोबर यायचे, त्या वर्षी एकटेच आले होते, हातात काठी. आल्या दिवशीच त्यांनी हिरवं कार्ड लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी त्या दारावरून गेले. दाराबाहेर त्यांचे ओले बूट कागदावर ठेवलेले मी बघितले. आदल्या दिवशी मला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं होतं, तेव्हाही ते बूट तिथेच, तसेच होते, हेही मी बघितलं. आणि ट्रॉली पुढे ढकलली.

दोन वाजता दीदीने विचारलं, २१७ काय म्हणाले?

मी म्हटलं, काही नाही.

रोजच्यासारखं ‘नको म्हणाले’ हे खोटं त्या दिवशी जिभेवर का आलं नाही, मला माहीत नाही. कदाचित ते बूट डोळ्यांसमोर होते. दीदी तशीच जिन्याकडे चालू लागली. ती पळत नव्हती, पण मला तिच्या मागे पळावं लागलं. तिने वाजवलं, दहा मोजले, पुन्हा वाजवलं. दार उघडलं.

आजोबा न्हाणीघराच्या फरशीवर पडले होते. आदल्या रात्री सपाता घालूनच खाली जेवून आल्यावर घसरले, खुबा मोडला, फोन पलंगावर राहिला. ओरडून ओरडून घसा बसलेला. शुद्धीवर होते. दीदी तशीच फरशीवर बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला ब्लँकेट आणायला सांगितलं. मग अँब्युलन्स येईपर्यंत ती त्यांच्याशी बोलत राहिली, हळू आवाजात, कुठली कुठली फुलं बघितली असं विचारत. माणसं त्यांना स्ट्रेचरवर घेऊन गेली तेव्हा आजोबांनी तिचा हात सोडला नव्हता. लिफ्टपर्यंत ती तशीच तिरकी चालत गेली.

मॅनेजरने विचारलं, सकाळी दार कोणी वाजवलं होतं का? मी खाली बघत होते. दीदी म्हणाली, "नव्हतं वाजवलं. मजला माझा, चूक माझी." तसं लिहूनही दिलं. मला ती एकच वाक्य बोलली, तेही कपडेखोलीत, उशीला अभ्रा घालता घालता. "आता तुला वाजव म्हणून सांगावं लागणार नाही." पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही. साडेनऊ ते दोन, साडेचार तास. ते मात्र माझ्यापाशी आहेत.

आजोबा बरे झाले. त्यांचं पत्र आलं ते दीदीने दोन्ही बाजूंनी वाचलं आणि कपाटाच्या आत चिकटवून ठेवलं.

पुढे दोन वर्षांत पुष्कळ बदललं. हाउसकीपिंगला माणसं मिळेनात. जाहिरात लावली तरी कोणी येईना, आलं तर महिन्यात जाई. कार्डं गेली, आता पाहुणे फोनवरच निवडतात की साफ करायचं की नाही. बहुतेक जण नको म्हणतात. सकाळी आमच्या हातात यादी येते ती फक्त साफ करायच्या खोल्यांची. बाकीच्या खोल्या यादीत नसतातच. दीदी यादी घ्यायची आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने उरलेले नंबर लिहून काढायची. आम्ही ते वाजवायचो. मग पाहुण्यांच्या तक्रारी यायला लागल्या. नको म्हटलं होतं तरी झोपमोड केली. इंटरनेटवर लिहायचे, आणि तिथलं लिहिलेलं सगळं जग वाचतं. मॅनेजरचंही चुकत नव्हतं.

त्या वर्षी आमच्या हॉटेलच्या खालच्या सभागृहात एक मोठी सभा झाली. युरोपभरातले हॉटेल आणि पर्यटन चालवणारे लोक येऊन पुढच्या वर्षांत सरकारांकडे काय काय मागायचं, आपण काय आधी करायचं, याची यादी करणार होते. मॅनेजरच्या मनात आलं की वर्षानुवर्षं काम केलेल्या एखाद्या बाईनेही पाच मिनिटं बोलावं. त्याने दीदीला विचारलं. ती आठवडाभर तयारी करत होती. हॉटेलच्याच छोट्या वहीवर डचमध्ये लिहिलं, आणि कपडेखोलीत मला स्टुलावर बसवून वाचून दाखवलं. उभी नको राहू, म्हणाली, ते सगळे बसून ऐकणार आहेत.

मला त्या दिवशी कॉफीच्या टेबलावर नेमलं होतं, त्यामुळे मी तिथेच भिंतीपाशी होते. सकाळभर लोक बोलले. पडद्यावर यादी वाढत गेली. दुपारी जेवणाच्या आधी दीदीला बोलावलं. तिने युनिफॉर्म घातला होता, इस्त्रीचा. बाकीचं इंग्रजीत चाललं होतं, ती डचमध्ये बोलली आणि एक मुलगी मागोमाग इंग्रजीत सांगत गेली. वहीतलं तिने काही वाचलं नाही.

"तुमची यादी मी वाचली," ती म्हणाली. "पाणी आहे, वीज आहे, माणसांचं शिक्षण आहे. सगळं पाहिजेच. मला एकच घालायचं आहे. ज्या खोलीत माणूस राहतो आहे, तिचं दार दिवसातून एकदा माणसाने वाजवावं. साफ करू नका. चादर बदलू नका. फक्त वाजवा आणि उत्तर येईपर्यंत थांबा."

एका गृहस्थांनी हात वर केला आणि सभ्यपणे विचारलं, की ज्याला त्रास नको आहे अशा पाहुण्याचं काय करायचं?

दीदी म्हणाली, "तो आतून ओरडेल. ओरडला की माझं काम झालं."

लोक हसले, टाळ्याही वाजवल्या. एका बाईने लिहून घेताना मी बघितलं. जेवताना दोघे-तिघे येऊन दीदीशी हात मिळवून गेले. ती त्या दिवशी सायकलवरून घरी गेली ती ताठ बसून. रोजही ताठच बसायची म्हणा, पाऊस असला तरी टोपी न ओढता.

काही आठवड्यांनी ती यादी छापून आली. मॅनेजरने दीदीला प्रत दिली, दीदीने वाचून मला दिली. मी ती घरी केतकीकडून वाचून घेतली. केतकी मराठी समजते पण उत्तर डचमध्ये देते, त्यामुळे अर्ध्या गोष्टी मला पुन्हा विचाराव्या लागल्या. बाहेरच्या देशांतून कामगार आणायचे परवाने सोपे करावेत. शिकाऊ मुलांना काम शिकवावं. सगळे पाहुणे एकाच गावात न येता इतर गावांतही जावेत. रहिवाशांची घरं पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्यांना सगळीकडे सारखे नियम लावावेत. चांगल्याच गोष्टी होत्या, वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पाहुण्यांच्या सुरक्षिततेवरही एक ओळ होती. न्हाणीघरात मदतीचं बटण असावं. दार वाजवण्याचं कुठे नव्हतं. मी केतकीला पुन्हा शोधायला लावलं. ती म्हणाली, आई, नाहीये.

दीदीला दुसऱ्या दिवशी विचारलं तर ती म्हणाली, बटण चांगलंच आहे. हात पोचला तर.

त्यानंतर उन्हाळ्यात साफसफाईचं काम हॉटेलने बाहेरच्या कंपनीला दिलं. आम्ही सगळ्या त्याच राहणार होतो, दीदी मुख्यच राहणार होती, फक्त नव्या कागदावर सही करायची होती. त्यात एक कलम होतं की यादीत नसलेल्या खोलीचं दार कर्मचाऱ्याने वाजवू नये. दीदीच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मॅनेजर तिला म्हणाला, कला, दोनच वर्षं आहेत. सही कर आणि शांतपणे पूर्ण कर. हे तो मनापासून म्हणत होता, त्याचा चेहरा मी बघितला.

दीदीने कागद घरी नेला. तीन दिवस ठेवला. आम्ही सगळ्यांनी तोवर सह्या केल्या होत्या. मीही केली. यांना म्हटलं होतं, काय करू? ते म्हणाले, तुला दुसरीकडे कोण घेईल? ते खरं होतं. चौथ्या दिवशी दीदीने कागद आणून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी. तो म्हणाला, वाचला नाहीस का? ती म्हणाली, वाचला म्हणूनच.

तिचा शेवटचा दिवस गुरुवारी होता. केक तिनेच आणला आणि बारासुद्धा. निरोपाचं कार्ड तिने नेहमीसारखं अख्खं वाचलं, आणि त्या दिवशी केकसाठी कोणीही घाई केली नाही. युनिफॉर्म धुऊन घडी करून परत दिला. कपाटातलं आजोबांचं पत्र सोडवून पर्समध्ये ठेवलं. आता ती टिलबर्गला बहिणीकडे राहते. सणाला फोन करते. कामाचं काही विचारत नाही, फक्त फोन उचलला की पहिलं वाक्य, "का भइल?"

मी तिथेच आहे. कागदावर लिहिलंय की दार वाजवू नये, मी वाजवत नाही. पण तो कागद मी सही केल्यावर का होईना, केतकीकडून दोनदा वाचून घेतला. बोलू नये असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून मी ट्रॉली ढकलत जाताना प्रत्येक दारापाशी थांबते आणि मोठ्याने सुप्रभात म्हणते. उत्तर आलं नाही तर पुन्हा म्हणते. केतकीला हे सांगितलं तर तिला खरं वाटत नाही. आई, तू? मोठ्याने?

पण मला लिहायचा होता तो गुरुवार. दुपारी केक झाल्यावर सगळ्या कामाला गेल्या. मी दुसऱ्या मजल्यावर होते. जिन्याचं दार उघडलं आणि दीदी आली. अंगात तिचा घरचा राखाडी कोट, खांद्याला पर्स, हातात रिकामा डबा. मला वाटलं काहीतरी विसरली. ती माझ्याकडे बघून नुसती मान हलवून पुढे गेली, २०१ पाशी थांबली आणि सांध्यांनी तीनदा वाजवलं. उत्तर आलं, ती पुढे सरकली. २०२. २०३. आता ती इथली कोणी नव्हती, तिला कोणी थांबवूही शकलं असतं. मी ट्रॉली भिंतीला लावून उभी राहिले. २१७ पाशी ती जरा जास्त थांबली. आतून एका बाईने काहीतरी विचारलं, दीदीने सगळं ठीक ना म्हणून विचारलं, ती बाई हो म्हणाली.

शेवटची खोली २२४. तिने वाजवलं. काही नाही. तिने दहा मोजले, मीही मोजले. पुन्हा वाजवलं. तेव्हा आतून एक पुरुष झोपेतून उठल्यासारखा जोराने ओरडला, काय कटकट आहे, जा म्हणतो ना.

दीदीने कोटाचं वरचं बटण लावलं, समाधानाने मान हलवली आणि जिन्याने खाली गेली.